वरसीच्या आधीचा झुला

रायपूरहून नव्या राजधानीत जाणाऱ्या आमच्या ऑफिसच्या बसमध्ये सगळे पेंगायचे, आणि मागच्या दोन बाकांवर आम्ही पाच जण झुल्यांवर बोलायचो. झुले म्हणजे अंगणातले नव्हेत. मोठ्या पार्कांतले, माणसाला उलटं टांगणारे, उंचावरून सोडून देणारे, सकाळचा नाश्ता गळ्याशी आणणारे. लोक एलटीसी घेऊन देवाला जातात. आम्ही झुल्याला जायचो, आणि वाटेत देव लागलाच तर त्यालाही भेटून यायचो.

पाच म्हणजे मी, माझा नवरा, माझी गुढ़ियारी मोहल्ल्यातली मैत्रीण, लेखा शाखेतले एक भाऊ आणि नवीन लागलेली एक टायपिस्ट पोट्टी. पोट्टी घरची मराठी, पण मराठीत विचारलं की उत्तर हिंदीतच द्यायची. भाऊंचा बीपी वाढलेला होता आणि ते गोळी खाऊन झुल्यात बसायचे. मैत्रीण रांगेत उभं राहायला चणे-फुटाणे न्यायची. माझा नवरा दुसऱ्या विभागात होता, ऑफिसात तोंडातून शब्द काढायचा नाही, पण बसमध्ये त्याचं एकच भाषण चालायचं, की पुढच्या ओळीत बसणारे लोक नुसतं बघायला येतात, खरा झुला मागच्या ओळीत. त्यावरून भाऊंशी त्याचं रोज वाजायचं. मधेच बदलीच्या गोष्टी, पोरांच्या ॲडमिशनच्या गोष्टी, कोणत्या गाडीत खालचा बर्थ मिळतो ते, आणि परत झुला. रस्ता रुंद, दोन्हीकडे मोकळं माळरान, बांधून ठेवलेल्या इमारतींत माणूस नाही. बोलायला वेळच वेळ असायचा.

हिवाळ्यात नवरा गेला. दाढी करता करता छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या दारात सगळं संपलं. तेरवी झाली, मी कामावर रुजू झाले. बसमध्ये माझी जागा राखलेली होती, शेजारची रिकामी. मी बसले आणि भाऊ म्हणाले, "आजकाल मेथी लय महाग झाली." मैत्रीण म्हणाली, "हो ना, अन् गोबीत अळ्या निघून राहिल्या."

मला वाटलं, पहिला दिवस आहे, अवघडले असतील. पण दुसऱ्या दिवशीही भाजी. आठवडाभर भाजी. होळी आली तरी भाजी. ज्या माणसांना मी हवेत उलटं लटकून शिव्या देताना ऐकलं होतं, ती माणसं माझ्यासमोर दोडक्याच्या शिरा काढत होती. मी स्वतःहून एकदा झुल्याचा विषय काढला, तर मैत्रिणीने माझ्या हातावर हात ठेवला आणि डोळे भरून म्हणाली, "राहू दे व. कशाले आठवतं." मला आठवायचंच होतं. घरी त्याच्या फोटोला हार होता, दिवा होता, पण मागच्या ओळीवरून भांडणारा माणूस त्या फोटोत नव्हता. तो फक्त या बसमध्ये होता आणि हे लोक त्याला मेथीच्या जुडीखाली दाबत होते. मला राग यायला लागला तो तेव्हापासून.

मग एका सकाळी पोट्टीने मागे वळून अगदी सहज विचारलं, "दीदी, आप तो नहीं आ रहीं ना? तो आपका वो पानी वाला रेनकोट मैं ले जाऊँ?"

पाण्याच्या झुल्यासाठी घेतलेला माझा पिवळा रेनकोट.  भाऊ खिडकीबाहेर बघायला लागले, जिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"कुठं जाऊन राहिले तुमी?" मी विचारलं.

दक्षिणेतल्या त्या मोठ्या पार्काला. ज्याबद्दल आम्ही पाच जण किती वर्षं बोलत होतो, कुठल्या झुल्यात आधी बसायचं ते ठरवून भांडत होतो, तिथे. रिझर्वेशन झालं होतं. बोलणं माझ्या पाठीमागे, जेवणाच्या सुट्टीत व्हायचं.

"मले काहून नाई विचारलं?"

"अव, विचारलं ना," मैत्रीण म्हणाली. "तुह्या सासूबाईंले फोन केला होता मी. त्या म्हणे, वर्ष सरून वरसी होऊ द्या."

"त्यायले विचारलं? मले नाई?"

"तुले काय विचारायचं?" ती कळवळून म्हणाली. "तू तर हो म्हटलं असतं!"

आजही हे वाक्य आठवलं की माझी कानशिलं गरम होतात. मी हो म्हटलं असतं, म्हणून मला विचारायचं नाही. काळजी करावी तर आमच्या लोकांनी. दूध पाजायचं मांजराला, आणि भूक आहे का ते विचारतील मांजराच्या मालकिणीला. मी बसमध्ये उभी राहिले. ड्रायव्हर आरशातून बघायला लागला. मी म्हटलं, नवरा माझा मेला आहे, मी नाही मेले. मी म्हटलं, त्याला तुम्ही रोज सकाळी या बसमध्ये परत परत मारता, आणि याला दया म्हणता. आणखी बरंच बोलले, त्यातलं काही लिहिण्यासारखं नाही. भाऊ पुटपुटले, "आमी तुमच्या भल्यासाठीच..." मी म्हटलं, "भलं गेलं खड्ड्यात." मैत्रीण रडायला लागली, आणि बसमधली बाकीची माणसं तिची समजूत घालायला लागली. तिची! पोट्टीने हळूच म्हटलं, "सॉरी दीदी, मुझे लगा आपको पता है." सगळ्यांत सरळ माणूस तीच निघाली.

संध्याकाळी पुरानी बस्तीत घरी पोचले तेव्हा सासूबाई देवापाशी वाती वळत बसल्या होत्या. मी चपला काढायच्या आधीच बोलले.

"आई, तुम्ही तिला नाही काहून म्हटलं?"

"मंग काय म्हणू? हसत-खिदळत जा म्हणू?" त्यांनी वात खाली ठेवली नाही. "लोकं म्हणतीन, हिले काही दुःखच नाई."

"माझं दुःख काय लोकाइले दाखवायले आहे?"

"अन् माझं?" त्या म्हणाल्या. "माह्या पोटचा गेला. पाऱ्यात, याच गल्लीत, भजन होते दर शनिवारी, मी ओसरीवरून ऐकतो, पण पाय बाहेर टाकला नाई म्या. वरसी होईपर्यंत टाकणारबी नाई. तुले झुला सुचून राहिला."

 त्या रडल्या असत्या तर मी विरघळले असते, पण त्या वाती वळत राहिल्या. मला त्यांचाही राग आला, आणि त्यांचा राग आला म्हणून स्वतःचा आला, आणि तो पचवायला मी उगाच भांडी घासत बसले. घासलेलीच भांडी.

रेनकोट मी पोट्टीला दिला. ते तिघे गेले त्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि सासूबाईंना तोंडावर सांगितलं, "मी झुल्यावर जाऊन राहिली." त्यांनी दिव्यात तेल घातलं. नव्या राजधानीकडे जाताना वाटेत एक लहानसं पार्क आहे, बसमधून रोज दिसतं. आम्ही पाच जण त्याला हसायचो, कारण त्यातला सगळ्यांत मोठा झुला आमच्या हिशोबाने लहान पोरांचा. मी त्याचं तिकीट काढलं आणि झुल्याच्या गाडीत जाऊन बसले. मागच्या ओळीत.

"दीदी, और सवारी आने दो," झुला चालवणारा म्हणाला. "अकेले में नहीं चलता. बैलेंस बिगड़ता है."

दुपारची वेळ, आडवार, पार्कात चिटपाखरू नाही. मी त्याला म्हटलं की दुप्पट पैसे घे. तो नाही म्हणाला. घरच्यांनी नाही म्हटलं, मित्रांनी नाही म्हटलं, आता हे लोखंडही मला एकटीला नाही म्हणत होतं. मी उतरलेच नाही. तापलेल्या सीटवर तशीच बसून राहिले, घाम गळत होता, आणि मनातल्या मनात एकेकाला फाडून खात होते.

बऱ्याच वेळाने अभनपूरकडचं एक कुटुंब आलं. नव्या पिकअप गाडीची पूजा करून सगळं घर फिरायला निघालं होतं, गाडीचा हार अजून ताजा होता. पुरुष खाली थांबले. सुना-लेकी किलबिलत चढल्या आणि त्यांनी आपल्या म्हातारीला माझ्या शेजारी आणून बसवलं. सासूबाईंच्याच वयाची. तिने मला नीट न्याहाळलं, गळा बघितला, हात बघितले.

"घरवाला नइ आय हे, बहिनी?"

"नहीं रहे," मी म्हटलं. "इसी जाड़े में."

आता ही पण सुरू करणार, अशी खात्री धरून मी मान ताठ केली. उत्तर तयार होतं, दातांपर्यंत आलं होतं. पण म्हातारी म्हणाली, "मोर घलो नइ ए. ए बछर गिस." तिचाही याच वर्षी गेला होता. मग तिने माझा हात उचलून लोखंडी दांड्यावर ठेवला, त्यावर आपला ठेवला आणि म्हणाली, "बने धर ले." नीट धर.

झुला वर गेला. पहिल्या उताराला ती माझ्याआधी किंचाळली. पदर उडाला, केस सुटले, आणि पुढच्या ओळीतून तिच्या सुना मागे वळून सासूकडे बघत ओरडल्या, "अउ जोर से, दाई! अउ जोर से!"

ते ऐकलं आणि माझं बांध घातलेलं सगळं फुटलं. मी ओरडले. त्या बसवर ओरडले, मेथीवर ओरडले, वातींवर ओरडले. आणि मग दुसऱ्या वळणावर मी त्याच्यावर ओरडले, ज्याच्यावर ओरडायचं मला इतके महिने सुचलंच नव्हतं. दाढी अर्धी टाकून, काही न सांगता, मला या सगळ्या भल्या माणसांच्या हवाली करून निघून गेल्याबद्दल त्याला मी भर दुपारी, भर आवाजात, येतील तेवढ्या शिव्या दिल्या. मराठीतून दिल्या, त्यामुळे बाकीच्यांना वाटलं मी घाबरले आहे.

गाडी थांबली. सुना उतरल्या. झुला चालवणारा आमच्याजवळ आला, माझ्या चेहऱ्याकडे बघून जरा दचकला आणि दांडा वर उचलायला लागला.

"हो गया, दीदी. उतरिए."

"नाई झालं माझं," मी म्हटलं आणि दांडा परत मांडीवर ओढला. म्हातारीही उठली नाही.