लडकू बडेकरांचा ओटा

लडकू बडेकर खोपोलीच्या पाइप कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होते. निवृत्तीनंतर त्यांनी नेरळच्या बाहेर बेचाळीस घरांच्या वसाहतीत रो-हाऊस घेतलं आणि वर्षभरात सोसायटीचे अध्यक्ष झाले. कारण साधं होतं. वसाहतीची नियमावली पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेला तो एकटाच माणूस होता.

भिंती बदामी, कंपाउंड चार फूट, समोरच्या मोकळ्या जागेत एक वीटही नाही. लडकूकाका रोज सकाळी टेप घेऊन फेरी मारत. सतरा नंबरच्या सफियानं दार निळं केलं, तेव्हा ते तिच्याकडे नियमावली घेऊनच गेले.

सफियानं शांतपणे पान वाचलं. "काका, यात भिंतींचा रंग हाय. दाराचा कुठंय?"

काकांनी चष्मा पुसून तीन वेळा वाचलं. दाराचा रंग नव्हताच. "चूक माझी," म्हणून ते परत फिरले. माणूस हट्टी होता, पण लबाड नव्हता.

त्यांची बायको चिंधी दोन वर्षं दारापुढे ओटा मागत होती. गुडघ्यांमुळे तिला खाली बसवत नव्हतं, आणि खुर्ची टाकून एकटीनंच रस्त्याकडे बघत बसायची तिला लाज वाटायची.

"नियमात बसत नाय," काका म्हणायचे.

"मी पण कुठं बसत नाय," चिंधी म्हणायची.

मग काका पुतण्याच्या लग्नाला तीन दिवस गावी गेले. चिंधीनं गुडघ्याचं निमित्त करून जायचं टाळलं. सफियानं ओळखीचा गवंडी आणला. काका परतले तेव्हा दारापुढे नवाकोरा ओटा होता आणि त्यावर चार बायका वाल सोलत बसल्या होत्या.

काकांनी पिशवी खाली ठेवली आणि टेप काढला. "जरा उठा गं." बायका उठल्या. ओटा दारापुढे दोन फूट चार इंच आला होता.

आत जाऊन त्यांनी नोटीस लिहिली: श्री. लडकू बडेकर यांनी सात दिवसांत बेकायदा बांधकाम काढावं. खाली अध्यक्ष म्हणून सही केली, आणि मिळाल्याची सहीही स्वतःच केली.

"आवो, मग उत्तर कोण देणार?" चिंधीनं विचारलं.

"मीच. विचार करायला सात दिवस हायेत."

सहा दिवस त्यांनी विचार केला. सातव्या दिवशी घरमालक बडेकरांनी अध्यक्ष बडेकरांना लिहिलं, की विषय सभेपुढं ठेवावा.

सभेत चिंधी आयुष्यात पहिल्यांदा बोलायला उभी राहिली. "घरं सगळी सारखी हायेत, छान दिसतात. पण शेजारीण भेटली तर बसायचं कुठं? आमी तीन वर्षं इथं राहतो, मला निम्म्यांची नावं ठाऊक नायत."

सफियानं हात वर केला, पाठोपाठ तीस-पस्तीस हात उठले. अडीच फुटांपर्यंत ओटा चालेल, असा ठराव झाला. चिंधीनं वळून पाहिलं तर अध्यक्षांचाही हात वर होता. "रंग मात्र बदामी," ते घाईनं म्हणाले.

आता वसाहतीत एकोणीस ओटे आहेत. काका ते मोजायला निघतात, पण प्रत्येक घरी चहा होतो, त्यामुळे एका संध्याकाळी दोनच मोजून होतात. घरी लवकर जाण्यात अर्थ नसतो. स्वतःच्या ओट्यावर त्यांना बसायला जागाच मिळत नाही.