झुडपाभोवती

इंग्रजीचा मास्तर म्हटलं की लोकांना वाटतं, माणूस तोंडाचा फटकळ असणार. छे! या मास्तरांना साधं नाही म्हणायचं झालं तरी दहा वळणं घ्यावी लागत. परदेशी नोकरीला निघालेल्या नर्सना ते संध्याकाळी शिकवत. त्या दिवशी फळ्यावर ‘बीट अबाउट द बुश’ होतं. एकीनं अर्थ लिहिला, ‘झुडपाला झोडपणे’. सगळा वर्ग खो खो हसला.

‘झुडपाला नाही बाई, झुडपाभोवती,’ मास्तर म्हणाले. ‘पूर्वी शिकारीत हाकारे असत. काठीनं आजूबाजूला बडवायचं, पाखरं उठवायची, एवढंच त्यांचं काम. म्हणून मुद्द्याला हात न घालता नुसतं इकडचं तिकडचं बोलणं, असा अर्थ आला म्हणतात.’

‘पण सर, झुडपात हात शेवटी घालायचा कुणी?’ तिनंच विचारलं. ‘आमच्या वॉर्डात माणूस गेला की नातेवाइकांना सांगायला एकही जण पुढं होत नाही. मग आम्हीच सांगतो.’

मास्तरांनी फळा पुसला. त्यांनी वर्ग लवकर सोडला.

घरी आई होती. तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात दुसऱ्या शहरात मास्तरांचा थोरला भाऊ अपघातात गेला. ‘तिला जरा उभी राहू दे, मग सांगू,’ असं सगळ्यांचं ठरलं. ती उभी राहिली, चालू लागली, भाजी चिरू लागली. सांगायचं मात्र राहूनच गेलं. ‘दादा कसा आहे रे?’ असं तिनं विचारलं की मास्तर म्हणत, ‘त्याचं आपलं नेहमीचंच.’ ‘फोन का नाही?’ ‘कामाचा रगाडा!’ जन्मभर लोकांना क्रियापदं शिकवली आणि घरी एक वाक्य पुरं करायची छाती नाही. ‘आहे’ म्हणवत नव्हतं, ‘होता’ तर त्याहून नाही.

‘आई, आज वर्गात गंमतच झाली...’ आल्या आल्या त्यांनी सुरुवात केली आणि त्यांना स्वतःचाच संताप आला. ‘आई, दादा गेला. तू दवाखान्यात होतीस तेव्हाच.’

आईनं भाजी चिरायची थांबवून सुरी खाली ठेवली. ‘थोरल्या सुनेनं माझ्याशी बोलणं टाळलं, तेव्हाच मी समजले.’

‘मग बोलली का नाहीस गं?’

‘काय बोलू? तुम्ही सगळे मला जपत होतात. मी रडले असते तर घाबरला असतात. आता सांगितलंस ना? मग रडू दे मला.’

मास्तर उठून दाराकडे निघाले.

‘तू कुठं चाललास?’ ती म्हणाली. ‘तुझाही भाऊ होता तो. बस इथं.’