कर्फ्यूतल्या भेंड्या

टीव्हीवर गाण्याच्या भेंड्या सुरू झाल्या तेव्हा आमचं घर हरखून गेलं. त्याआधी काळ्या-पांढऱ्या पडद्यावर प्रश्नमंजुषा असायची. गंभीर चेहऱ्याची मुलं देशांच्या राजधान्या सांगायची आणि आम्ही परीक्षेला बसल्यासारखे बघायचो. मग रंग आले, भेंड्या आल्या, आणि पुढे तर एकेका प्रश्नाला कोटी रुपये मिळायला लागले. मी सगळं पाहिलं, आवडीने पाहिलं. पण त्या सूत्रसंचालकांचा आव बघितला की मला हसू येतं. मी पाहिलेला सगळ्यात भारी खेळ टीव्ही मुंबईत यायच्या कितीतरी आधी झाला, गिरगावात, आमच्या चाळीच्या गॅलरीत.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती. बाबा एका कचेरीत कारकून. मोर्चा निघाला की डबा टेबलावर ठेवून जायचे. एकदा मोर्चावर गोळीबार झाला, शहरात कर्फ्यू लागला आणि बाबा घरी आलेच नाहीत. दुसरा दिवस उजाडला तरी पत्ता नाही. आई भात लावायची, आम्हा दोघी बहिणींना वाढायची आणि स्वतःचं ताट तसंच झाकून ठेवायची. काही विचारलं की म्हणायची, "येतील."

चाळीबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती, आणि कोंडलेली माणसं किती वेळ गप्प बसणार? त्या संध्याकाळी कुणीतरी टूम काढली आणि आमची चाळ विरुद्ध समोरची चाळ अशा भेंड्या सुरू झाल्या. मधे रस्ता, रस्त्यावर बंदुका घेतलेले पोलीस, आणि त्यांच्या डोक्यावरून गाणी इकडून तिकडे. आमच्या मजल्यावरचे मास्तर पंच झाले. भूपाळ्या, पोवाडे, नाट्यपदं, काही म्हणून सोडलं नाही. मी तर घसा बसेपर्यंत गायले. आई मात्र आत, उंबऱ्याशी.

एकदा अक्षर समोरच्यांवर आलं आणि तिकडे सामसूम झाली. आमच्या बाजूने मोठमोठ्याने आकडे मोजायला सुरुवात केली. तेवढ्यात समोरच्या गॅलरीच्या अंधाऱ्या कोपऱ्यातून एक भसाडा आवाज आला, "एक पाव पाव, बे पाव अर्धा, तीन पाव पाऊण..."

ती पावकी होती, पावाचा पाढा. बाबा रोज दाढी करताना तो याच सुरात म्हणायचे. जन्मात त्यांना दुसरं गाणं आलं नाही. मोर्चातून पळत, मागच्या गल्लीने ते समोरच्या चाळीपर्यंत पोचले होते आणि मधला रस्ताच तेवढा ओलांडता येत नव्हता. हाक मारावी तर खाली पोलीस, आणि ते मोर्चातली माणसं शोधून उचलत होते.

आमची पोरं ओरडली, भेंडी चढली, हे गाणंच नाही. मास्तरांनी मागे वळून पाहिलं. आई उंबरा ओलांडून कठड्याशी आली होती, तोंडावर पदर दाबून.

"चाल आहे ना? मग गाणंच ते. भेंडी चढली नाही," मास्तर म्हणाले. "आता आपली पाळी. वहिनी, तुम्ही म्हणा."

माझी आई चारचौघांत कधी गायली नव्हती. हळदीकुंकवात नाव घ्यायलासुद्धा लाजायची. तिने कठडा धरला आणि अक्षराबिक्षराचा विचार न करता आमची रोजची अंगाई सुरू केली. त्यात ऐन वेळी तिने स्वतःची ओळ घातली, "जेवल्या गं माझ्या चिमण्या, निजल्या गं माझ्या चिमण्या." आम्ही दोघी चिमण्या तिच्या शेजारी टक्क जाग्या उभ्या होतो. दोन चाळी भरून माणसं. कुणी बोट दाखवलं नाही, नाव घेतलं नाही. सगळ्यांना कळलं होतं. खालचा एक शिपाईसुद्धा मान वर करून ऐकत राहिला.

कर्फ्यू उठल्यावर बाबा रस्ता ओलांडून घरी आले आणि आल्याआल्या त्यांनी डबा कचेरीत राहिला म्हणून आईची बोलणी खाल्ली.

पुढे टीव्हीवरच्या भेंड्यांत कुणी स्पर्धक अडला की बाबा खुर्चीतून हळूच त्याला पावकी सुचवायचे आणि आई म्हणायची, "चढली नाही."

बाबा गेल्यावरही तिने तो कार्यक्रम सोडला नाही. एकदा एक मुलगा असाच अडला. घड्याळाची टिकटिक झाली, भोंगा वाजला, सूत्रसंचालक हसत पुढच्या स्पर्धकाकडे वळला. मी टीव्ही बंद करायला उठले, तर आईने माझा हात धरला.

"थांब जरा," ती म्हणाली. "कधीकधी समोरून उशिरा येतो आवाज."