चार सेकंदांचं मायग्रेशन

सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी टेबलताईंनी एंटर दाबलं आणि त्या पडद्याकडे पाहत राहिल्या. सरावाच्या डेटाबेसमध्ये पाच खोटे रुग्ण आहेत. तिथे हे काम पापणी लवायच्या आत होतं. आज चार सेकंद लागले. तिसऱ्या सेकंदाला त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर थांबवण्याजोगं काही उरलं नव्हतं.

डायलिसिस केंद्रात त्यांना सोळा वर्षं झाली. सुरुवात काउंटरवर फोन घेण्यापासून. पुढे दोन वर्षं रविवारचे वर्ग करून डेटाबेस शिकल्या. त्यातली टेबलं सांभाळतात म्हणून टेबलताई. वय सेहेचाळीस. घरी नवरा, कॉलेजातली मुलगी आणि मनात आलं तर चौथ्या मजल्यापर्यंत येणारी लिफ्ट.

डायलिसिस संपताना रुग्णाचं वजन किती असावं, हे डॉक्टर ठरवतात. अंगातलं किती पाणी काढायचं, हे त्या आकड्यावरून ठरतं. हे आकडे एका रकान्यात होते. तो रकाना काढून जुने-नवे सगळे आकडे ठेवणारं वेगळं टेबल करायचं होतं. अशा बदलाला मायग्रेशन म्हणतात. आकडे नव्या टेबलात नेण्याचा भाग ताईंनी अजून लिहिला नव्हता. आधी नुसता सांगाडा सरावात उभा राहतो का, ते पाहायचं होतं.

मायग्रेशन कोणत्या डेटाबेसवर चालवायचं, हे प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं नसतं. तो पत्ता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये असतो: नाव ठरलेलं, आतला पत्ता बदलता. ताईंच्या फाइलमध्ये पत्ता सरावाचाच होता. पण आज सकाळी सव्वाआठला केंद्राचा संगणक विभाग पाहणाऱ्या साहेबांनी "खऱ्यातला एक आकडा बघून सांगा" म्हटलं, तेव्हा ताईंनी पडद्यावरच्या, हुकूम टाइप करायच्या खिडकीत खऱ्या डेटाबेसचा पत्ता हाताने टाकला होता. खिडकीत पत्ता असला की प्रोग्रॅम फाइलकडे ढुंकूनही पाहत नाही. आणि ती खिडकी उघडीच राहिली होती; एंटर दाबलं ते तिच्यातच.

वरच्या मजल्यावरून सिस्टरांचा फोन आला.

"ताई, वजनाचा रकाना गायब! माझा चष्मा बदलायचा की तुमचं मशीन?"

"सिस्टर, पुढची पाळी सुरू करू नका."

"अहो, माणसं आडवी व्हायला आलीत इथे."

"करू नका म्हटलं ना!"

साहेब आले. खऱ्या डेटाबेसचा पासवर्ड माझ्याकडे नको, असं ताईंनी त्यांना दोनदा लेखी कळवलं होतं. "घरच्या माणसाला कुलूप कशाला?" असं ते दोन्ही वेळा हसून म्हणाले होते. आज हसले नाहीत.

"हात बाजूला घ्या. आता कशालाही लावू नका."

ताईंनी हात मांडीवर ठेवले. साहेब दोन बोटांनी टाइप करत डेटाबेसची पहाटे चारला जपून ठेवलेली प्रत शोधू लागले. ताईंचा वेग त्यांच्या तिप्पट आहे, पण ते बोलायची सोय नव्हती. तेवढ्यात मुलीचा फोन.

"आई, वायफायचा पासवर्ड काय गं?"

ताईंनी सांगितला.

"आवाज असा का येतोय तुझा?"

"कामात आहे," त्या म्हणाल्या. कामात त्या नव्हत्या.

सव्वाबाराला रकाना परत आला, पण पहाटे चारपर्यंतचाच. पाळी सुरू झाली. उद्या येणाऱ्या गटातल्या अकरा जणांना डॉक्टरबाईंनी काल तपासलं होतं आणि त्यांचे बदललेले आकडे आज सकाळी आठला भरले होते. ते आकडे गेले. ताईंनी डॉक्टरबाईंना फोन लावला.

"आठ जणांचे सांगते, लिहून घ्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बाकी तिघांचे नाही आठवत. आणि अंदाजाने मी सांगणार नाही. पाणी जास्त निघालं की माणूस खुर्चीतच गळून पडतो."

"कालची चिठ्ठी असेल ना, डॉक्टर?"

"टाकली की हो. म्हटलं, आता कॉम्प्युटरमध्ये आहे."

ताईंनी आठ आकडे लिहून साहेबांपुढे ठेवले आणि उरलेल्या तिघा रुग्णांना, उद्या लवकर या म्हणून, स्वतः फोन केले. एकाने विचारलं, "काही गंभीर आहे का हो?" ताईंनी त्याला यायची वेळ पुन्हा एकदा सांगितली.

उद्या ते तिघे सकाळी पावणेसहाला, इतरांच्या पंधरा मिनिटं आधी येतील. डॉक्टरबाई त्यांना पुन्हा तपासतील आणि आकडे सांगतील. ताई ते कागदावर लिहून घेतील. संगणकात सिस्टर भरतील, कारण ताईंचा पासवर्ड आज दुपारी तीनपासून बंद आहे.