लोहावरचा ठिपका
प्रथिन शुद्ध करायला आम्ही इमिडाझोल वापरतो; त्याची बाटली उघडली की किंचित मासळीचा वास येतो आणि मला आगरदांड्याहून दिघीला जाणारी फेरीबोट आठवते. माझी विद्यार्थिनी पेढे घेऊन श्रीवर्धनला घरी निघाली होती, मी सोबत होते. बोटीत तिने लॅपटॉपवर आमच्या एंझाइमच्या स्फटिकाचं चित्र दाखवलं. त्यातल्या हीम या लोह धरून ठेवणाऱ्या रेणूच्या लोहावर एक ठिपका होता, म्हणजे तिने बनवलेलं औषध तिथे चिकटलेलं दिसत होतं आणि त्यावरच तिची पीएचडी पुरी होणार होती. मला मात्र तो ठिपका औषधाच्या मानाने लहान वाटला. "औषध न घातलेला स्फटिक नीट पाहिलास?" मी विचारलं. "मॅडम, तुम्ही पेढ्यातपण खडे शोधाल!" तरी मी ती फाइल उघडायला लावली. तिथेही लोहावर तोच ठिपका होता. इमिडाझोल पुरतं धुतलं गेलं नव्हतं, तेच औषधाची जागा अडवून बसलं होतं. तिने लॅपटॉप मिटला. दिघीच्या धक्क्यावर तिचे वडील उभे होते. "झालीस का गो डॉक्टर?" "न्हाय बाबा, अजून न्हाय," म्हणत तिने पेढे त्यांच्या हाती दिले. परवा माझा नवा शोधनिबंध वाचून तिने एकच ओळ पाठवली, "मॅडम, औषध न घातलेला स्फटिक पाहिलात ना?" आधी राग आला, मग मी त्या स्फटिकाची फाइल उघडली.