कोच वॉशिंग्टनची इटलीतली तीन वर्षं

माणूस खोटं बोलायला लागला की सगळ्यात आधी त्याच्या तारखा मोघम होतात, असं सुलेखा पेंढारकरचं अठरा वर्षांच्या नोकरीतलं निरीक्षण होतं. नोकरीच तशी होती. लोक अर्जात जे लिहितात ते खरं आहे का, हे कंपन्यांसाठी तपासून द्यायचं. डिग्री खरंच मिळाली का, आधीच्या ऑफिसात खरंच चार वर्षं काढली का, की चौदा महिन्यांत बाहेर पडून बाकीचा काळ तिथल्याच नावावर खपवला. टेक्ससमधल्या फ्रिस्कोच्या घरातल्या वरच्या खोलीत बसून तिने आजवर न उघडलेली कॉलेजं आणि न जन्मलेले मॅनेजर शोधून काढले होते. ही सवय कामापुरती राहिली नाही. छत दुरुस्त करणाऱ्याचं लायसन्स ती स्वतः बघायची. नवऱ्याने, रवीने, एकदा गमतीत विचारलं होतं, "लग्नाआधी माझ्या मार्कशीट तपासल्या होत्यास का गं?" ती म्हणाली, "हो." ती खरं बोलली की थट्टा केली, हे त्याला आजतागायत कळलेलं नाही.

त्यांची मुलगी अनिका चौदा वर्षांची. गावातल्या एका क्लबच्या मुलींच्या फुटबॉल टीममध्ये बचावफळीत खेळायची. ऑगस्टमध्ये टीमला नवा कोच आला. पंचेचाळिशीचा, बुटका, पोटऱ्या दगडासारख्या, डाव्या भुवईवर जुनी खूण. पालकांच्या मीटिंगमध्ये त्याने नाव सांगितलं, वॉशिंग्टन सिल्वेरा. देश उरुग्वे.

"मी तीन वर्षं इटलीत प्रोफेशनल खेळलोय," तो म्हणाला. "थोडं सेकंड डिव्हिजनमध्येही."

पालक एकमेकांकडे कौतुकाने बघू लागले. सुलेखाने हात वर केला.

"कोणत्या क्लबकडून?"

"उत्तरेकडचा एक छोटा क्लब. आता बंद पडला."

"कोणत्या वर्षी?"

"नव्वदच्या दशकाच्या शेवटी," तो म्हणाला आणि प्रॅक्टिसच्या वेळांकडे वळला.

परतताना गाडीत ती रवीला म्हणाली, "उरुग्वेचा माणूस आणि नाव वॉशिंग्टन. आपल्याला वेडं समजतो का?"

घरी येऊन तिने शोधलं. उरुग्वेत वॉशिंग्टन, नेल्सन, विल्सन अशी नावं सर्रास ठेवतात, असं निघालं. तेवढा मुद्दा तिला सोडून द्यावा लागला आणि सोडताना थोडं वाईटही वाटलं. मग तिने इटलीतल्या त्या काळातल्या खेळाडूंच्या याद्या चाळल्या. सिल्वेरा सापडले, पण वॉशिंग्टन त्यांत कुणीच नव्हता.

कोच मात्र चांगला होता, हे तिलाही नाकारता येईना. समोरून चेंडू घेऊन येणाऱ्या मुलीच्या पायाकडे बघू नकोस, तिच्या कमरेकडे बघ, कारण कंबर फसवू शकत नाही, असं त्याने अनिकाला शिकवलं. सप्टेंबर संपेस्तोवर अनिकाला चकवून जाणं अवघड झालं. मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीत बसून सुलेखा हे बघायची. टाळ्याही वाजवायची. मनात मात्र काटा तसाच रुतलेला. एवढं येतं, तर मग क्लबचं नाव सांगायला काय होतं?

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी कोचने सगळ्या टीमला घरी जेवायला बोलावलं. मागच्या अंगणात निखाऱ्यांवर मांस भाजत होतं, शाकाहारी घरांसाठी मक्याची कणसं आणि ढोबळी मिरच्या वेगळ्या जाळीवर होत्या. सुलेखा हात धुवायला आत गेली आणि बोळातच थांबली. भिंतीवर वर्तमानपत्राचं पिवळं पडलेलं कात्रण फ्रेम करून लावलं होतं. निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा शर्ट घातलेला एक लांब केसांचा मुलगा हवेत उंच उडाला होता. खाली इटालियन मजकूर. त्यातलं नाव तिला वाचता आलं. बोनेत्ती.

तिने मागे वळून पाहिलं आणि पटकन फोनमध्ये फोटो घेतला. बाहेर येऊन तिने शक्य तितक्या सहज विचारलं, "आतला फोटो कुणाचा आहे?"

"माझाच."

"खाली नाव दुसरं आहे."

कोचचा चिमटा क्षणभर हवेत राहिला. "मोठी गोष्ट आहे ती," तो म्हणाला. "आत्ता सांगत बसलो तर हे करपेल."

सुलेखाला तेवढं पुरलं. दुसऱ्या कुणाचा तरी फोटो भिंतीवर लावून हा माणूस गावभर फुशारक्या मारत होता.

संध्याकाळी ती क्लबला पत्र लिहायला बसली. रवीने वाचून पाहिलं आणि विचारलं, "फुटबॉल नीट शिकवतोय ना?"

"प्रश्न तो नाहीये."

"मग काय आहे?"

"आठवड्यातून चार दिवस आपल्या मुली त्याच्या ताब्यात असतात, रवी. जो नाव खोटं सांगतो तो आणखी काय लपवत असेल, तुला माहितीये?"

रवी म्हणाला, "आधी त्याच्याशी तरी नीट बोल."

"बोलले. त्याने विषय टाळला."

पत्र गेलं. सोबत कात्रणाचा फोटो. तिने तोच फोटो टीममधल्या दुसऱ्या एका मुलीच्या आईला, नेत्राला पाठवला आणि लिहिलं, तुझ्यापुरतं ठेव. नेत्राने तो आणखी एकीला पाठवला, बहुधा असंच लिहून. बुधवारी तो पालकांच्या ग्रुपवर फिरत होता. कुणीतरी लिहिलं की हा माणूस मुळात उरुग्वेचाच नसेल. आणखी कुणीतरी विचारलं की त्याची कागदपत्रं पोलिसांना दाखवायला नकोत का. एवढं सुलेखाने म्हटलं नव्हतं. तिने खोडूनही काढलं नाही.

क्लबच्या डायरेक्टर मिसेस हॉलंड यांनी चौकशी होईपर्यंत कोचला घरी बसायला सांगितलं.

अनिकाला ते मैदानावर कळलं. गाडीत बसल्यावर तिने एकच विचारलं, "आई, डिड यू डू धिस?"

"मी फक्त विचारलंय, बेटा."

"यू डिडन्ट आस्क हिम." त्यानंतर घरापर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली, आणि पुढचे कित्येक दिवस जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटलीसुद्धा वडिलांकडे मागत राहिली.

शनिवारी सकाळी कोचचा फोन आला. मैदानासमोरच्या डोनटच्या दुकानात भेटाल का, अशी विचारणा होती. रवी म्हणाला मी येतो. ती म्हणाली नको, पण गाडी दुकानाच्या काचेसमोर, सगळ्यांना दिसेल अशीच लावली.

तो आधीच येऊन बसला होता. समोर प्लास्टिकचं फोल्डर. त्याने पासपोर्ट काढून तिच्यापुढे सरकवला.

"वाचा. पूर्ण नाव."

वॉशिंग्टन दानिएल सिल्वेरा बोनेत्ती.

"आमच्याकडे दोन आडनावं असतात," तो म्हणाला. "आधी वडिलांचं, मग आईचं. इटलीत क्लबच्या कारकुनाला वाटलं, शेवटचं ते आडनाव. आणि क्लबला ते सोयीचंही होतं. बोनेत्ती हे इटालियन नाव आहे."

सुलेखा पासपोर्टकडे बघत राहिली. तिची स्वतःची नागपूर विद्यापीठाची डिग्री माहेरच्या नावाने होती, आणि अमेरिकेतल्या पहिल्या नोकरीच्या वेळी एका तपासनिसाने ती दुसऱ्या बाईची म्हणून परत पाठवली होती. ती तेव्हा बाथरूममध्ये जाऊन रडली होती. नावं उलटसुलट होतात, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तरीही तिने याद्यांमध्ये एकच नाव शोधलं होतं.

"सोयीचं म्हणजे?" तिने विचारलं.

मग त्याने सांगितलं. पाय्सांदू नावाच्या गावात त्याचे वडील कातडी कमावण्याच्या कारखान्यात होते. एकोणिसाव्या वर्षी एका एजंटने त्याला खेळताना बघितलं. इटलीच्या क्लबांना बाहेरच्या देशांचे खेळाडू मोजकेच ठेवता येत होते, पण पणजोबा इटालियन असल्याचा कागद असला की माणूस इटालियनच धरला जायचा. आईच्या घरात सगळे म्हणायचे की पहिला बोनेत्ती इटलीहून बोटीने आला. कागद मात्र कुणाकडे नव्हता. एजंट म्हणाला, काळजी करू नकोस, मी शोधतो. दोन महिन्यांत कागद आला आणि मुलगा उत्तर इटलीत मोंतेरिवाला पोचला. टाइल्सच्या कारखान्यांचं गाव, हवेत मातीची भुकटी, रविवारी दोन हजार माणसं मैदानावर. पहिल्या हिवाळ्यात त्याने आयुष्यातलं पहिलं धुकं बघितलं, इतकं दाट की मॅचमध्ये आपलाच गोलकीपर दिसेना. दुसऱ्या वर्षी तो नियमित खेळला. तिसऱ्या वर्षी क्लब वरच्या, म्हणजे सेकंड डिव्हिजनमध्ये चढला.

"आणि तुम्ही त्यात किती खेळलात?"

"अकरा मिनिटं," तो म्हणाला. "तेवढंच. म्हणून मी 'थोडं' म्हणतो."

त्यानंतर देशभर अशा कागदांची तपासणी सुरू झाली. त्याचा पणजोबा ज्या चर्चच्या वहीत नोंदला असल्याचं कागदात म्हटलं होतं, त्या चर्चमध्ये तसं पानच नव्हतं. एक वर्षाची बंदी. क्लबने करार मोडला. ज्या गावात पोरं त्याच्या नावाचा शर्ट घालून फिरायची, तिथून तो एक बॅग घेऊन बसने निघाला, आणि स्टँडवर सोडायला फक्त मैदानाचा म्हातारा माळी आला होता. घरी परतून तो गावच्या टीमकडून खेळला, गुडघा गेला, मग इकडे उन्हाळी शिबिरांत शिकवता शिकवता टेक्ससमध्ये राहिला.

सुलेखाने सगळं ऐकलं. मग तिच्याकडे जो प्रश्न होता तो तिने विचारलाच.

"कागद खोटा आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षी नव्हतं," तो म्हणाला. "दुसऱ्या वर्षी कळलं. एजंटच दारू पिऊन बोलून गेला. मी गप्प बसलो. मला खेळायचं होतं."

त्याने नाही म्हटलं असतं तर तिने विश्वास ठेवला नसता. आता ठेवावा की नाही, हे तिला ठरवता येईना.

"मी हे तपासणार आहे," ती म्हणाली.

"तपासा. म्हणूनच तर बोलावलंय."

तिने पुढचा आठवडा त्यात घालवला. मोंतेरिवाच्या सार्वजनिक वाचनालयाला भाषांतर-यंत्राच्या मदतीने ईमेल लिहिला. चौथ्या दिवशी तिथल्या ग्रंथपाल बाईंचं उत्तर आलं, जुन्या स्थानिक वर्तमानपत्रांची एकवीस पानं स्कॅन करून. बोनेत्ती डब्ल्यू., एकेचाळीस सामने, तीन गोल. वरच्या डिव्हिजनमध्ये एक सामना, एकोणऐंशीव्या मिनिटाला बदली खेळाडू म्हणून. बंदीची बातमीही होती. तारखा त्याने सांगितल्या त्याच. एका फोटोत तो कॅमेऱ्याकडे बघत होता आणि डाव्या भुवईवरची खूण स्पष्ट होती. ती खूण फोनमधल्या कात्रणाच्या फोटोतही होती. त्या रविवारी बोळात तिने चेहऱ्याकडे नीट पाहिलंच नव्हतं, फक्त नाव वाचलं होतं.

क्लबच्या ऑफिसात बैठक झाली. सुलेखाने उभं राहून सगळं वाचलं, सामनेही आणि बंदीही. शेवटी म्हणाली, "मी तक्रार केली तेव्हा माझ्याकडे अर्धी माहिती होती आणि मी ती पूर्ण असल्यासारखी लिहिली. चूक माझी आहे. पण हे जे मी आत्ता वाचलं, तेही लपवू नका."

मिसेस हॉलंडनी कोचला परत बोलावलं. क्लबच्या वेबसाइटवर त्याचं पूर्ण नाव आणि बंदीचं वर्ष लिहायचं ठरलं. तो म्हणाला, "लिहा. मीच लिहायला हवं होतं." तरी दोन घरांनी मुली काढून घेतल्या. त्यातलं एक नेत्राचं. "एकदा शंका आली ना, मग जात नाही गं," ती सुलेखाला म्हणाली.

अनिका हळूहळू बोलू लागली. आधी कामापुरतं, मग एका मॅचनंतर गाडीत सलग वीस मिनिटं. कोच सुलेखाला नमस्कारापुरती मान हलवायचा. तिने माफी मागितली तेव्हा त्याने ऐकून घेतली, ठीक आहे असं काही म्हटलं नाही.

जानेवारीत तो स्वतःहून तिच्या खुर्चीजवळ आला. "तुम्ही कागद शोधता ना," तो म्हणाला. "तो पणजोबा खरंच होता का, हे कधी कळेल का? आई म्हणते होता. ती ऐंशीची आहे."

सुलेखाने ते काम घेतलं. बोटींच्या याद्या, बंदराच्या नोंदी, दोन चर्चना पत्रं. एप्रिलमध्ये इटलीच्या किनाऱ्यावरच्या एका खेड्यातून १८७१ सालच्या बाप्तिस्म्याची नोंद आली, बोनेत्ती जोव्हान्नी बात्तिस्ता. वय जुळत होतं. पण तेच नाव त्या भागात डझनभर लोकांचं होतं, आणि बोटीच्या यादीत गावाचा रकाना कोरा.

प्रॅक्टिसआधी तिने त्याला प्रिंट दिली आणि हे सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"तुम्हाला काय वाटतं?" त्याने विचारलं.

"मला वाटतं हाच असावा. पण खात्रीने हाच, असं मी कुणाला लिहून देणार नाही."

तो हसला. तिने त्याला असं हसताना आधी पाहिलं नव्हतं. "आईला तुमचं पहिलं वाक्य सांगतो," तो म्हणाला, कागद नीट घडी घालून ट्रॅकसूटच्या आतल्या खिशात ठेवला आणि शिट्टी फुंकत मुलींकडे गेला.