हळदीच्या मांडवात मी कोसळलो

नव्वदच्या दशकात प्रथमोपचाराचा आठवडाभराचा वर्ग केला आणि मी सुरतेजवळच्या उधन्यातल्या आमच्या सोसायटीचा बिनपगारी धन्वंतरी झालो. कुणाला भोवळ येवो, कुणाचा हात कापड विणायच्या लूममध्ये सापडो, आधी माझं दार वाजे. दवाखाना गाठेपर्यंत माणूस टिकवायचा, एवढंच काम. पण माणूस दवाखान्यात यायलाच तयार नसेल तर काय करायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

शेजारचे काका लूमच्या कारखान्यात मास्तर. जळगावकडचे, महाहट्टी. त्यांच्या मुलीच्या हळदीच्या सकाळी मांडवात पाहतो तर काका घामाने निथळलेले, डावा हात चोळताहेत.

"काका, दवाखान्यात चला. आत्ता."

"गॅस आहे रे. जिरा सोडा आण."

"हे हृदयाचं दुखणं दिसतंय."

"पोरीच्या हळदीला बाप खाटेवर? लोक काय म्हणतील! पुन्हा बोललास तर मांडवाबाहेर काढीन."

मग काय! गणेशोत्सवाच्या नाटकांत तीनदा मेलेला माणूस मी. छाती धरली आणि मांडवाच्या मधोमध चौथ्यांदा कोसळलो. पडताना हळदीची परात तेवढी चुकवली.

काका घाबरले की अहिराणीवर येत. "काय जायं रे भाऊ तुले?"

"छातीत... काका, मला एकट्याला सोडू नका!"

तेवढ्यात आमच्या सौभाग्यवती अवतरल्या. "काही झालं नाही यांना! सकाळी पाव किलो चणाडाळीचा लोचो हाणलाय. अहो, उठा, लोक बघताहेत!"

मी एक डोळा उघडून काकांकडे वळवला. बायको शहाणी. तिने असा हंबरडा फोडला की मलाच माझी काळजी वाटू लागली.

रिक्षात मी काकांचं मनगट सोडलं नाही. त्यांना वाटलं, माया. मी नाडी बघत होतो, आणि ती अडखळत होती. काका मात्र मलाच झापत होते, "खातोस किती! जरा चालत जा!"

दवाखान्याच्या दारात माझ्यासाठी स्ट्रेचर आलं. मी टुणकन खाली उतरलो. "पेशंट हे आहेत." काकांनी शिवी द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात कळ आली. ते छाती धरून स्ट्रेचरवर बसले.

"मोठा झटका होता," नंतर डॉक्टर म्हणाले. "वेळेत आणलंत."

लग्न ठरल्या दिवशीच लागलं. कन्यादान काकांच्या भावाने केलं, आणि मुंडावळ्या बांधलेलं जोडपं दवाखान्यात खाटेशी येऊन काकांच्या पाया पडलं. काकांनी माझ्याकडे बोट दाखवून जावयाला सांगितलं, "हळदीला याला झटका आला होता. मी होतो म्हणून वाचला."

जावई चिंतेने माझ्याकडे बघू लागला.

"अजून चमक येते अधूनमधून," मी म्हणालो.